मॉक्लरचा गोल

टूरबेग,
रविवार, १ ऑक्टोबर २०१७

डर्व्हला,

अक्षर ओळखून पत्र फाडणार असशील तर जरा थांब. आत एक कात्रण आहे आणि ते तुझ्या नवऱ्याबद्दल आहे. ते काढून घे, मग माझं पत्र चुलीत घातलंस तरी चालेल. ऑस्ट्रेलियात चुली असतात की नाही, मला ठाऊक नाही.

मी माफीबिफी मागायला लिहीत नाहीये. तब्येत ठणठणीत आहे. सत्त्याहत्तरावं लागलं, गुडघा कुरकुरतो, डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि आता डोंगरावरच्या दुसऱ्याच्या मेंढ्याही मोजता येतात. गाई विकल्या. घरात मी आणि कुत्रा. तुझी आई गेल्यावरही तुझं नाताळचं कार्ड न चुकता येतं, पाकिटावर 'मॉक्लर कुटुंब' असं लिहिलेलं. ते आम्ही दोघं वाचतो.

तर कात्रण. आपलं साप्ताहिक काउंटीचे सर्वकाळचे सर्वोत्तम पंधरा हर्लिंगपटू निवडणार आहे. सव्वाशे वर्षांतले पंधरा. नाताळाआधी यादी छापायची म्हणतात. चौदा जागांवर कुणाचं फारसं भांडण नाही. भांडण आहे ते उजव्या कोपऱ्यातल्या आघाडीच्या गड्यावरून. एका बाजूला वॅटी शील, दोन ऑल-आयर्लंड पदकं, देव त्याला शांती देवो. दुसऱ्या बाजूला गॉर्टनाव्हीनचा फॉन्सी केरिन, पदक शून्य.

फॉन्सीला दाखव. त्याला वाटत असेल इथे सगळे त्याला विसरले. तर नाही विसरले.

जे. मॉक्लर


टूरबेग,
१५ ऑक्टोबर २०१७

डर्व्हला,

उत्तर नाही, तेव्हा कात्रण पोचलं असं धरून चालतो.

इथे दुसरा विषय नाही. परवा गुरांच्या बाजारात एक माणूस बोली लावायची विसरला, कारण तो शेजाऱ्याला फॉन्सीचा डावा फटका दाखवत होता. वासरू गेलं दुसऱ्याकडे. काल मिस्सासाठी चर्चच्या भिंतीशी उभे होतो, तर फादर स्वतः बाहेर येऊन म्हणाले, "आत या रे बाबांनो, देवाचंही मत ऐकून घ्या."

शुक्रवारी हॉगनच्या पबमध्ये बसलो होतो. हॉगनचा पोरगा आता दुकान बघतो, बापासारखाच अर्धा ग्लास ओतून गप्पा मारत बसतो. तिथे शिक्षक ड्वायर होता, सगळे आकडे तोंडपाठ असलेला. तो म्हणाला, "सात वर्षं! काउंटीकडून सातच वर्षं खेळला केरिन. वॅटी चौदा वर्षं खेळला. दुप्पट!"

मी म्हटलं, "वॅटीच्या पाठीमागे डोंगराएवढी माणसं होती. चेंडू त्याच्या हातात आणून द्यायची. फॉन्सीच्या मागे कोण होतं? दोन पोस्टमन आणि एक सुतार."

"पण मोठ्या मैदानावर त्याने काय केलं, ते सांगा ना."

"मोठ्या मैदानावर जायला संघ लागतो, मास्तर. एकटा माणूस बसने जातो, तिकीट काढून."

हशा झाला. मग मी त्यांना सत्त्याऐंशीचा पावसातला सामना सांगितला. फॉन्सीची हर्लीची काठी मधोमध मोडली, हातात वीतभर तुकडा राहिला, नवी घ्यायला बाजूच्या रेघेपर्यंत जायला वेळ नव्हता, आणि त्याने त्या तुकड्याने चेंडू दांडीवरून मारला. पांढरा ध्वज. एक गुण. मी त्या खांबाशी उभा होतो, गोलपंचाचा पांढरा कोट घालून. ध्वज मीच वर केला. माणसाने लाकडाच्या चिपटीने मारलेला गुण तू कुठे पाहिलायस? मी पाहिलाय. दहा पावलांवरून.

आणि त्याची ती उलटी पकड! उजवा हात वर हवा तिथे डावा, डावा हवा तिथे उजवा. शाळेत मारून मारून सुटली नाही. त्याचे तेव्हाचे मास्तर म्हणायचे, या पकडीने गाय हाकावी. त्याच पकडीमुळे चेंडू कुठून निघणार ते राखणाऱ्याला शेवटपर्यंत कळायचं नाही.

हे सगळं मी बोललो, अंगात आल्यासारखा बोललो. मग कोपऱ्यातून किलमॉयलचा एक म्हातारा सावकाश म्हणाला, "बरोबर आहे, जेर. जावयाची बाजू सासरा नाही घेणार तर कोण घेणार? तेव्हाही तूच घेतली होतीस."

मी टोपी घेतली आणि घरी आलो. ग्लास तसाच राहिला.

जे. एम.


टूरबेग,
५ नोव्हेंबर २०१७

डर्व्हला,

काल मॉसी क्वर्क घरी आला. हो, किलमॉयलचा गोलरक्षक मॉसी. दारात उभा राहिला, आत ये म्हटलं तर आला नाही. नव्वदच्या त्या अंतिम सामन्यापासून आम्ही एकमेकांशी शब्द बोललेलो नाही. दफनभूमीत भेटलो तरी मधे एक थडगं ठेवून उभे राहतो. आता तो निवड मंडळावर आहे, पाचांपैकी एक.

"एकोणीस तारखेला हॉलमध्ये जाहीर सभा आहे," तो म्हणाला. "मंडळाने तुम्हाला बोलवायला सांगितलंय. केरिनबद्दल सगळ्यात जवळून पाहिलेला माणूस म्हणून."

"तुम्ही का आलात? पत्र टाकायचं."

"चिठ्ठी काढली. माझं नाव निघालं." आणि गेला.

त्या सामन्यातल्या शेवटच्या गोलला लोक काय म्हणतात ते तुला माहीत आहे. फॉन्सीचा गोल कुणी म्हणत नाही. मॉक्लरचा गोल म्हणतात. गॉर्टनाव्हीन एकसष्ट वर्षांनी काउंटीचं अजिंक्यपद जिंकलं, एका गुणाने, शेवटच्या मिनिटाला, आणि सत्तावीस वर्षं त्या गोलला नाव माझं आहे. ड्वायर मास्तर म्हणतो, तो गोल धरला तर केरिन थोर, नाही धरला तर नुसता चांगला. म्हणजे सगळं येऊन थांबतं ते माझ्या हातावर, ज्याने गोलचा हिरवा ध्वज वर केला.

तुझ्या लग्नाचं बोलू का? बोलतोच. तू वाचतेस की नाही हेही माहीत नाही, तेव्हा भीती कसली.

तू एक्याण्णवच्या नाताळात येऊन म्हणालीस, "डॅडी, माझं आणि फॉन्सी केरिनचं ठरलंय." तुझ्या आईने हातातला चहा खाली ठेवला आणि तुला मिठी मारली. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "थांबा." तू विचारलंस, "किती?" मी म्हणालो, "किलमॉयल एकदा अजिंक्यपद जिंकू दे. मग लोक विसरतील."

ऐक मजा. किलमॉयल अजून जिंकलेलं नाही.

तू तेव्हा म्हणाली होतीस, "तुम्हाला पोटच्या पोरीपेक्षा तुमचा हिरवा ध्वज प्यारा आहे." आणि मी जूनमध्ये लग्नाच्या दिवशी चर्चला लागून असलेल्या कुरणात गवत कापत बसलो. तुझ्या मामाने तुला वेदीपर्यंत नेलं. घंटा वाजली तेव्हा मी ट्रॅक्टर बंद केला नाही. फितींनी सजवलेल्या गाड्या कुंपणापलीकडून गेल्या. तुझी आई मागच्या सीटवर होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

पुढच्या वर्षी तुम्ही दोघं पर्थला गेलात. फॉन्सी तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. सातच वर्षं खेळला असं मास्तर म्हणतो ना? पुढची सात कुणी खाल्ली ते मास्तरला कुठे माहीत आहे.

सभेला जायचं का नाही, अजून ठरवलं नाही.

जेर


टूरबेग,
शनिवार, १८ नोव्हेंबर २०१७

डर्व्हला,

उद्या सभा. कोट काढून दाराला टांगलाय. तुझ्या आईने शेवटची इस्त्री केलेला पांढरा कोट, अजून पिशवीत होता. घालणार नाही. नुसता टांगलाय.

उद्या हॉलमध्ये जे सांगणार आहे ते आधी तुला सांगायला हवं. हे पत्र सभेनंतर पोचेल, पण लिहिलेलं आधीचं असेल. तारीख बघ.

सामन्याआधी पंच आपले चार गोलपंच आपल्याच गावातून निवडतो. विश्वासाची माणसं लागतात म्हणून. टिम हॅलीने मला सतत एकोणीस वर्षं निवडलं. मी त्याला म्हणायचो, "टिम, माझ्याकडून गाय हरवेल, पण चेंडू नाही." आणि नाही हरवला. एकोणीस वर्षांत एकदाच हरवला.

ऑक्टोबरचं ऊन तिरकं, नेमकं आमच्या टोकाला. किलमॉयल दोन गुणांनी पुढे, म्हणजे तीन गुणांचा गोलच हवा. घड्याळात काही उरलेलं नाही. लांबून एक उंच चेंडू पडला. फॉन्सीने तो हवेत हाताने धरला नाही, जमिनीवर पडू दिला आणि पडताक्षणी त्या उलट्या पकडीने सरपटता मारला. मॉसी आडवा झाला. चेंडू त्याच्या मांडीला लागला, तिथून खाली, रेघेवर, धुळीत. हे सगळं मला दिसत होतं. डोळे रेघेवर रोखलेले होते.

आणि तेवढ्यात गोलच्या मागून किंकाळी आली. ओळखीची किंकाळी. लहानपणी विहिरीच्या कठड्यावरून पाय घसरला तेव्हा तू ओरडली होतीस, तशी. मी मान वर केली. जाळीच्या पलीकडे तू उभी होतीस. शहरात नर्सिंग शिकत असलेली, त्या दिवशी ड्यूटीवर असायला हवी होतीस ती तू. गळ्यात गॉर्टनाव्हीनचा लाल-पिवळा मफलर. दोन्ही हात वर. तोंड सताड उघडं. माझ्या मनात आलं, ही इथे काय करतेय? आणि त्या रंगात?

मान खाली केली तेव्हा चेंडू मॉसीच्या छातीशी होता, रेघेच्या अलीकडे.

दहा हजार माणसं माझ्याकडे बघत होती. टिम शिट्टी तोंडात धरून माझ्याकडे बघत होता. मी पाहिलं नव्हतं, डर्व्हला. मी चेंडू पाहिलाच नव्हता. मी तुला पाहिलं होतं. वाकलो आणि हिरवा ध्वज उचलला.

त्या संध्याकाळी टिमने चौघांना नेहमीप्रमाणे जेवायला नेलं. माझं ताट परत गेलं. टिम म्हणाला, "काय रे, पोट बिघडलं का?" मी हो म्हणालो. टिम वारला, शेवटपर्यंत त्यालाही कळलं नाही.

आणि मग पुढच्या वर्षी तू नाताळात येऊन सांगितलंस की तुझं ठरलंय. तेव्हा मला तो मफलर कळला. लोक म्हणणार होते, मॉक्लरने जावयाला गोल दिला. ते खोटं असतं तर मी लग्नात सगळ्यांच्या आधी नाचलो असतो. पण ते अर्धं खरं होतं. जावई मला माहीत नव्हता, पण ध्वज मी माझ्या पोरीच्या तोंडाकडे बघून उचलला होता. त्याची मला इतकी लाज वाटली की ती मी तुझ्यावर ढकलली.

झालं. लिहिलं. आता चहा करतो.

जेर


टूरबेग,
सोमवार, २० नोव्हेंबर २०१७

डर्व्हला,

सभा झाली. बसायला जागा नव्हती, खिडक्यांत माणसं. सँडविचेस नेहमीचीच, हॅम आणि मोहरी.

मला तिसऱ्या नंबरला बोलावलं. वर गेलो आणि तुला जे लिहिलं तेच सांगितलं. फक्त मान का वर केली ते सांगितलं नाही. "मागून आवाज आला म्हणून," एवढंच. तुझं नाव त्यांच्या तोंडात द्यायचं नव्हतं.

मागच्या टेबलावरची किटली उकळत राहिली, ती बंद करायला कुणी उठलं नाही. मग गॉर्टनाव्हीनचा एक जण उठून म्हणाला, "म्हणजे आता कप परत द्यायचा की काय?" कुणी हसलं, कुणी शिवी दिली. किलमॉयलवाले पाय आपटायला लागले.

मी म्हणालो, "माझं झालेलं नाही. तो गोल खोडून टाका. मॉक्लरचा गोल होता ना? मॉक्लर तो परत घेतोय. आता त्याच्याशिवाय सांगा. सत्त्याऐंशीचा तो हर्लीच्या तुकड्याने मारलेला गुण मॉक्लरचा होता का? एकोणनव्वदला बाजूच्या रेघेवरून, जमिनीवरून, पासष्ट पावलांवरून, वाऱ्याविरुद्ध मारलेले तीन चेंडू कुणाचे होते? आपल्या काउंटीची सगळ्यात हलकी टीम होती ती. बाहेरच्या काउंट्यांनी त्या सात वर्षांत आपल्याकडे पाहिलं ते कुणामुळे? मी एकोणीस वर्षं खांबाशी उभा होतो. तिथून तुम्हाला खेळाडूचा चेहरा दिसतो. मी तीन गडी असे पाहिले जे चेंडू यायच्या आधी हसायचे. त्यातला एकच उजव्या कोपऱ्यात खेळला. वॅटी शील मोठा होता. त्याच्या पदकांसमोर मी टोपी काढतो. पण वॅटीला पाहून मी कधी ध्वज उचलायचा विसरलो नाही. फॉन्सीला पाहून दोनदा विसरलो. टिमने ओरडून सांगितलं तेव्हा उचलला."

आणि मग, का कोण जाणे, मी म्हणालो, "तो माझा जावई आहे. त्याचा मला अभिमान आहे. हे पंचवीस वर्षांपूर्वी चर्चमध्ये म्हणायचं होतं, तेव्हा मी कुरणात होतो. आज म्हणतो." आणि खाली उतरलो. टाळ्या वाजल्या की नाही, खरंच आठवत नाही.

बाहेर गाडीपाशी मॉसी क्वर्क उभा होता. मला वाटलं आता हा मारणार.

"तू पाहिला नव्हतास?" तो म्हणाला. सत्तावीस वर्षांनी एकदम अरे-तुरे.

"नाही."

"म्हणजे तुला माहीतच नव्हतं?"

"सांगितलं ना आत."

त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं. "च्यायला, जेर. मला वाटलं तू पाहिलास. तुझी ख्याती होती लेका, मॉक्लरच्या हातून गाय हरवेल पण चेंडू नाही. म्हणून मी सत्तावीस वर्षं तुझ्या तोंडाकडे बघत नव्हतो."

"म्हणजे आत होता?"

"मला काय ठाऊक! मी डोळे मिटले होते." हे त्याने इकडेतिकडे बघून सांगितलं. "त्याचा फटका सरपटत यायला लागला की मी डोळे मिटायचो. दर वेळेला. मांडीला लागला, मग हाताला लागला, उराशी धरला. मधे तो कुठे फिरून आला ते देवाला माहीत. रेघेवर होता अशी शपथ मी बायबलवर हात ठेवून घेतलीय, आमच्या क्लबात, दोनदा."

आम्ही दोघं गाडीला टेकून उभे राहिलो. आधी तो हसला की मी, सांगता येत नाही. हसता हसता त्याला खोकला लागला, पाठीत थोपटावं लागलं.

"मग पाहिला कुणी?" त्याने विचारलं. "फादरने तेव्हा कॅमेऱ्यावर सामना टिपला, त्यात खांब मधे येतो. तू वर बघत होतास. माझे डोळे बंद. केरिन स्वतः तीस पावलांवर पालथा पडलेला. कुणीच नाही पाहिला?"

मी गाडीत बसलो. घरी आलो.

डर्व्हला, तू पाहिलास. तू जाळीच्या मागे होतीस, दहा फुटांवर, रेघेच्या सरळ मागे. किंकाळी तू आधी मारलीस, मान मी नंतर वर केली. एवढ्या वर्षांत शिक्षकाने आकडे विचारले, वर्तमानपत्राने फोटो विचारले, मला सगळ्यांनी विचारलं. तुला कुणीच विचारलं नाही. मी तर नाहीच नाही. तुझ्याशी भांडलो, तुझी वाट अडवली, तुझ्या आईच्या अंत्यविधीला चारशे माणसांच्या रांगेत तू येऊन माझा हात हातात घेऊन "तुमच्या दुःखात सहभागी आहे" म्हणालीस, तेव्हाही विचारलं नाही.

आता विचारतो. यादीसाठी नाही. मी मॉसीला सांगणार नाही, कुणालाच सांगणार नाही.

आत होता का?

तुझा डॅडी


टूरबेग,
गुरुवार, ७ डिसेंबर २०१७

डर्व्हला,

यादी आली. सकाळी सहाला दुकानाच्या दारात उभा होतो, दुकानदारीण म्हणाली, "शिट्टी वाजल्यावर या."

उजवा कोपरा: फॉन्सी केरिन, गॉर्टनाव्हीन.

तीन विरुद्ध दोन मतं. मंडळावरच्या दोघांनी वॅटीला दिलं, दोघांनी फॉन्सीला, आणि शेवटचं मत होतं मॉसी क्वर्कचं. खाली त्याचं दोन ओळींचं म्हणणं छापलंय: "हा गडी समोर असला की आदल्या शनिवारी मला झोप लागायची नाही. वॅटी समोर असला की लागायची." किलमॉयलमध्ये त्याला आता चर्चमध्ये कुणी जागा देत नाही म्हणे. रविवारी तो आपल्या चर्चमध्ये आला, माझ्या बाकावर बसला आणि सगळी प्रार्थना चुकीची म्हटली.

सोबत अख्खं पान पाठवतोय. कात्री लावायचं मन होईना. नावाखालचा फोटो बघ, सत्त्याऐंशीचा, चिखलाने माखलेला. त्याच्या मागे खांबाशी एक पांढरा कोट अर्धवट दिसतो. तो मी आहे. आमचा दोघांचा हा एकच फोटो.

मी तुझ्या उत्तराची वाट बघत नाही असं लिहिणार होतो. बघतोय.

डॅडी


टूरबेग,
१० जानेवारी २०१८

डर्व्हला, माझ्या पोरी,

तुझं पाकीट आज आलं. पत्ता वाचून पोस्टमन म्हणाला, "जेर, या वेळी 'कुटुंब' नाही लिहिलंय. नुसतं तुमचं नाव आहे." मी म्हटलं, वाचता येतं मला, ऑपरेशन झालंय.

आत पत्र नव्हतं. फोटो होता. तिकडचं उन्हातलं हिरवंगार मैदान, मुलींचा सामना. एक मुलगी पुढे, हर्ली अजून हवेत, आणि हात बघ तिचे: उजवा जिथे नको तिथे, डावा जिथे नको तिथे. उलटी पकड! मी कुत्र्याला दाखवलं. आईचं नाव दिलंस तिला हे माहीत होतं मला, पेग, पण बापाची पकड दिलीस हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग चष्मा लावून परत बघितलं. गोलच्या मागे, जाळीपलीकडे, एक बाई उभी आहे. केस पांढरे व्हायला लागलेत. दोन्ही हात वर. तोंड सताड उघडं.

अगदी तसंच, डर्व्हला. एक रेषा इकडची तिकडे नाही.

फोटोच्या मागे तू चार शब्द लिहिलेस. "डॅडी, तेव्हाही आत होता." खाली, वेगळ्या शाईत, घाईत: "चांगला वीतभर आत."

मी बसलो. सत्तावीस वर्षं मी एक खोटा ध्वज पोटाशी घेऊन वावरलो, आणि तो खरा होता. पण मी हसतोय ते त्यासाठी नाही. माझा हात बरोबर होता म्हणून नाही. चेंडू हरवला तेव्हा मी जिच्याकडे बघितलं, तिनेच तो आत जाताना पाहिला होता, म्हणून हसतोय.

मॉसीला सांगितलं नाही. शब्द दिलाय तुला. तो संशयात मरू दे बिचारा, त्याला त्याची सवय झालीय.

तिकडच्या उन्हाळ्यानंतर पेगचे सामने पुन्हा कधी सुरू होतात ते कळव. मॉसीच्या पुतणीने कॉम्प्युटरवर विमानं बघून ठेवलीत. पासपोर्टचा फोटो काढला, त्यात मी चोरासारखा दिसतो. फॉन्सीला सांग, त्याला मी हात देणार आहे, आणि हातात घेतल्यावर काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही, तेव्हा त्याने घाई करू नये.

पांढरा कोट इथेच ठेवतो. तिथे कुणी गोलपंच हवा का म्हणून विचारलं तर नाही म्हणून सांग. ध्वज दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दे. मला गोलच्या मागे, जाळीशी, तुझ्या शेजारी जागा धरून ठेव.

तुझा,
डॅडी